डायपरच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

वृद्धांच्या केअर सेंटरमधल्या मावश्यांचं ‘सक्षमीकरण’ करायचं ठरलं की सगळ्यात आधी हॉल बुक होतो. प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं, दोन तासांचं भाषण, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याच मावशी त्याच ड्युटीवर हजर होतात आणि ड्युटीत तसूभर फरक पडलेला नसतो. मावश्यांच्या हातात काही आहे की नाही, हे माझ्या मते प्रशिक्षणावर कमी ठरतं. ड्युटीचा तक्ता, सामानाचं कपाट आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं, यावर जास्त.

आधी वेळेचा हिशेब करू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात. नीट करायचं तर दोघी लागतात. ड्रॉ शीट, म्हणजे अंगाखाली घातलेली आडवी चादर, दोन्ही बाजूंनी धरून माणूस उचलायचा, ओढायचा नाही, कारण ओढलं की म्हातारी कातडी सोलवटते. पाठीमागे उशी लावून अंग साधारण तीस अंशांत कलतं ठेवायचं, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी द्यायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. याला पाच मिनिटं जातात, डायपर ओला निघाला तर दहा-बारा. मजल्यावर असे दहा जण धरले तर एका फेरीला दोघींचा तासभर कुठेच गेला नाही. म्हणजे रात्रीच्या दर दोन तासांतला एक तास फक्त यातच संपला. बाथरूमला नेणं, ओरडणाऱ्या आजोबांना शांत करणं, युरोबॅग (नळीतून लघवी साठणारी पिशवी) रिकामी करणं हे वेगळंच.

आता त्याच मजल्यावर रात्री एकच मावशी ठेवा. सकाळी सहाला पोझिशन चार्टवर, म्हणजे कूस बदलल्याच्या नोंदीवर, दहा, बारा, दोन, चारच्या सह्या एकाच पेनाने, एका दमात होतात. मॅनेजर म्हणतात, “या बायकांना जबाबदारीची जाणीवच नाही.” पण खोटी सही केल्याशिवाय पुरा होणार नाही असा तक्ता मॅनेजरनीच आखलेला असतो. काम बरोबर कसं करायचं हे माहीत असूनही रोज रात्री चुकीचं करावं लागलं, वर खोटं लिहावं लागलं, की माणसाचा स्वतःच्या कसबावरचा विश्वास उडतो. त्यानंतर कितीही भाषणं द्या.

भरवण्याचंही तेच. गिळायला त्रास असलेल्या आजींना ताठ बसवून, एक घास गेल्याची खात्री करून मग दुसरा द्यायचा तर अर्धा तास लागतो. एका मावशीला तासाभरात सहा जणींना भरवायला सांगितलं तर घास श्वासनलिकेत जाण्याची वेळ येणारच.

कपाटाचं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. बऱ्याच ठिकाणी डायपर, ग्लोव्हज, बॅरियर क्रीम (कातडीला ओलीपासून वाचवणारं मलम) कुलपात असतं आणि किल्ली ऑफिसात. माणशी दिवसाला तीन डायपर, असा कोटा ठरलेला. रात्री दोनला चौथा लागला तर किल्ली घरी गेलेली. ओल्यात चार-पाच तास पडून राहिलेल्या माकडहाडाजवळची कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) झाला की पहिला प्रश्न मावशींनाच विचारला जातो. ग्लोव्हजचं साधं गणित बघा. दहा जण, प्रत्येकाला दिवसाकाठी सहा वेळा हात लागतो, दर वेळी नवी जोडी, म्हणजे १२० नग. शंभरचा खोका एक दिवससुद्धा पुरत नाही. तरी काही ठिकाणी तो आठवडाभर पुरतो. कसा पुरतो ते विचारू नका, धुतलेले ग्लोव्हज दोरीवर दिसतात. पलंगांचीही तीच रड. फाउलर पलंगाचा (डोक्याची बाजू वर-खाली करता येणारा दवाखान्यातला पलंग) हँडल अडकलेला असतो किंवा पलंगच नसून दिवाण असतो. कमरेच्या उंचीवर पलंग येत नसेल तर रोजच्या वाकण्याने मावश्यांची पाठ कामातून जाते.

अमेरिकेत १९८७च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या सहायकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. तरीही तिथे माणसं नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण मोठंच राहिलं. संस्थांमधल्या कामाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७०च्या दशकातच मांडलं होतं की कामाच्या जागी माणसाचं बळ माहिती, साधनं, पाठिंबा आणि पुढे जायची संधी यांतून येतं. चारही गोष्टी संस्थेने द्यायच्या असतात.

माहितीचं बघा. लघवी गडद झाली, आजी अचानक बरळायला लागल्या, घास गालात धरून बसतात, टाचेवरचा लाल डाग बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही, म्हणजे बेडसोरची सुरुवात. हे सगळं पहिल्यांदा मावशींनाच दिसतं. सिस्टरना सांगायला गेल्या की ऐकायला मिळतं, “तुम्ही तुमचं काम करा.” दोन-तीनदा असं झालं की त्या सांगणं थांबवतात. अमेरिकेत यासाठी ‘स्टॉप अँड वॉच’ नावाचं छोटं कार्ड वापरतात. कमी खाल्लं, कमी बोलले, चालायला जास्त मदत लागली, अशा खुणांवर सहायकाने गोल करायचा आणि नर्सकडे द्यायचं. आपल्याकडे ते मराठीत छापून घ्यायला फारसा खर्च नाही. पण कार्डाला त्याच ड्युटीत उत्तर मिळालं पाहिजे, नाहीतर महिन्याभरात ती रद्दी होते. शिवाय दोन ड्युट्यांमध्ये वीस मिनिटं सामायिक हवीत, आणि पगारी. आठला एक निघते, आठलाच दुसरी येते, आणि रिपोर्ट जिन्यात दिला जातो.

ब्युरोमार्फत, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, आलेल्यांची अवस्था आणखी बिकट. ‘उद्यापासून दुसरी बाई पाठवा’ एवढ्या एका फोनवर रोजी जाते. अशा माणसाने तक्रार कशाच्या जोरावर करायची? दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होते, पगारातून ०.७५ टक्के कापून. त्याचं कार्ड हातात आहे का, हे मावश्यांनी तपासायला हवं. एखादे आजोबा किंवा त्यांचा मुलगा अंगचटीला आला तर ‘म्हातारे आहेत, सोडून द्या’ म्हणून भागत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं मालकाची जबाबदारी आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

आई-वडिलांसाठी जागा बघायला जाणाऱ्यांनी लॉबीतलं कारंजं नंतर बघावं. रात्री प्रत्येक मजल्यावर किती जणी असतात, ग्लोव्हजचा खोका कुठे ठेवतात आणि एकाच आजींकडची मावशी महिन्यात किती वेळा बदलते, हे विचारावं. ऑफिसात उत्तर गुळमुळीत मिळालं तर मावशींनाच विचारावं, मॅनेजर शेजारी उभे नसताना.