चावी बंद केली तरी मॅग्नेटो चालू असू शकतो

छोट्या विमानाच्या जमिनीवरच्या चाचणीत कुणी दगावल्याची बातमी आली की पुण्यातल्या ग्रुपांवर तोच मजकूर फिरू लागतो: ‘उभ्या विमानाला कसली भीती? चावी बंद केली की इंजिन बंद. मेला तो स्वतःच्या हलगर्जीपणानं. अपघातांच्या यादीत असं काही नसतंच.’ माझी बरीच वर्षं हँगरमध्ये गेली आहेत. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी चावीचं बघू. आकुर्डीची जुनी चेतक आठवा. बॅटरीशिवायही किक मारली की सुरू व्हायची, कारण ठिणगी मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीशिवाय, फिरण्यातूनच ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या इंजिनावर असे दोन मॅग्नेटो असतात. चावी ‘ऑफ’ला नेली की त्यांचं एका तारेतून अर्थिंग होतं, म्हणजे त्यांची वीज इंजिनाच्या धातूत उतरते, म्हणून ठिणगी थांबते. घरात तार तुटली तर दिवा विझतो. इथे ती तार तुटली तर मॅग्नेटो चालूच राहतो. अशी एक तार मी हातात धरून पाहिली आहे. वरचं आवरण धड होतं आणि आत, टर्मिनलपाशी, तांबं तुटलेलं. बोटांनी वाकवली तेव्हा कळलं. अशा वेळी सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरलेलं असेल आणि कुणी प्रॉपेलर हातानं फिरवला, तर इंजिन झटका देतं. माणूस जायला तेवढा पुरतो. म्हणूनच चाचणी संपवताना आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी फेऱ्यांवर, क्षणभर चावी ‘ऑफ’ करून इंजिन दम सोडतं का ते बघायचं, आणि शेवटी मिक्श्चरचा दांडा ओढून, इंधन तोडूनच ते बंद करायचं.

‘उभ्या’ विमानाचा प्रॉपेलर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १९० सेंटिमीटर. मिनिटाला ७०० फेरे, म्हणजे अगदी आयडलवर, त्याचं टोक ताशी सुमारे २५० किलोमीटरनं फिरतं. दिसतो फक्त एक धूसर पडदा. मॅग्नेटो तपासायला फेरे १७००-१८०० पर्यंत न्यावे लागतात, आणि तेव्हा विमान ब्रेक आणि चाकाखालच्या चॉकनं, म्हणजे अडसरानं, रोखलेलं असतं.

हलगर्जीपणा म्हणणाऱ्यांनी एकदा कॉकपिटमध्ये बसून बघावं. विमानाच्या नाकाखाली वाकलेला माणूस तिथून दिसत नाही, आणि त्या आवाजात त्याला मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

राहिली यादी. आंतरराष्ट्रीय नियमांच्या परिशिष्ट १३ प्रमाणे, उड्डाणाच्या इराद्यानं कुणी विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंत जे घडतं तोच ‘विमान अपघात’. नुसत्या इंजिन-चाचणीत उड्डाणाचा इरादाच नसतो. त्यामुळे तिथे गेलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. यादीत नाही म्हणजे घडत नाही, असं नव्हे.