दांडीही पुढे ढकलू नका, मेसेजही

माझी भाची पुढच्या महिन्यात हँग ग्लायडिंगच्या, म्हणजे मोठ्या पंखाखाली लटकून बिनइंजिनाचं उडण्याच्या, प्राथमिक वर्गाला जाणार आहे. परवा पहाटे सव्वापाचला ताईचा मेसेज आला. तिचं स्वतःचं एक अक्षर नाही, नुसता एक लांबलचक फॉरवर्ड: ‘हँग ग्लायडिंगचे दडवलेले सत्य, मुलांना पाठवण्याआधी वाचा’. सात वाजेपर्यंत तोच मजकूर आणखी दोघांकडून आला. त्यातला एकजण माझ्याबरोबर टेकडीवरून उडालेला आहे. त्याने तो न वाचताच पाठवला असणार, कारण वाचला असता तर चौथ्या मुद्द्यालाच फोन भिंतीवर आपटला असता.

एकूण मुद्दे पाच. एक, हँग ग्लायडर नासाने अंतराळयानांसाठी शोधला आणि जमला नाही म्हणून लोकांच्या गळ्यात मारला. दोन, ग्लायडर उडवणारा जर्मन लिलिएंथाल मेला तेव्हा युरोपातल्या सरकारांनी या प्रकारावर सत्तर वर्षं बंदी घातली. तीन, सुरुवातीचे उडणारे म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचे रिकामटेकडे, त्यांचा विज्ञानाशी संबंध नाही. चार, हा नुसता मोठा पतंग आहे, वारा थांबला की दगडासारखा खाली येतो; आणि ‘पडायला लागल्यास हातातली दांडी पूर्ण ताकदीने पुढे ढकलावी, नाक वर होऊन जीव वाचतो’. पाच, पहिल्या दहा वर्षांतले मृत्यू दडवले गेले.

क्रमाने जात नाही, चौथ्यापासून सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, हा मारणारा आहे.

पतंगाला दोरा लागतो. दोरा तुटला की तो गटांगळ्या खातो. हँग ग्लायडरचा दोरा म्हणजे खाली टांगलेल्या माणसाचं वजन, आणि ते काही तुटत नाही. उतारावर पायडल न मारता सोडलेली सायकल आठवा. उंची खर्च होते आणि तिच्या बदल्यात वेग मिळतो. ग्लायडर हेच हवेत करतो. वारा शून्य असला तरी टेकडीच्या उतारावर धावत सुटून उडता येतं आणि पायथ्याशी अलगद उतरता येतं. सत्तरच्या दशकातला साधा रोगॅलो पंख (फ्रान्सिस रोगॅलोचा कापडी पंख, त्याच्याबद्दल पुढे) शंभर मीटर उंचीवरून सुमारे चारशे मीटर पुढे जायचा. आजचे चांगले पंख त्याच उंचीत दीड किलोमीटरच्या आसपास जातात. यातलं दगडासारखं नक्की काय?

आता ती दांडी. पायलटसमोर त्रिकोणी चौकट असते, तिची आडवी नळी म्हणजे दांडी. ती गाडीच्या स्टिअरिंगसारखी काही फिरवत नाही. पंख वर आहे, तुम्ही त्याखाली लोलकासारखे लटकलेले आहात. दांडी छातीकडे ओढलीत की तुमचं वजन पुढे जातं, नाक खाली जातं, वेग वाढतो. पुढे ढकललीत की वजन मागे, नाक वर, वेग कमी. अजून ढकललीत की पंखावरून चिकटून वाहणारी हवा सुटते, उचल जाते आणि पंख स्टॉल होतो. म्हणजे उंची जात असताना घाबरून दांडी पुढे ढकलणारा माणूस उरलासुरला वेगही फेकून देतो. वेग गेला की ताबा गेला. पहिल्या दिवशी प्रशिक्षक ज्या सवयीसाठी ओरडून ओरडून घसा बसवतो, तीच सवय हा फॉरवर्ड जीव वाचवण्याचा उपाय म्हणून वाटत सुटलाय.

हे आलं कुठून, त्याचा माझा अंदाज आहे. उतरताना, पाय जमिनीपासून अगदी जवळ असताना, पायलट चौकट धरलेले दोन्ही हात जोरात पुढे आणि वर फेकतो. तो मुद्दामच स्टॉल करत असतो, पंखाचा ब्रेक लावावा तसा, आणि दोन पावलांत उभा राहतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने असा एखादा व्हिडिओ पाहिला असेल आणि ‘ढकललं की वाचतो’ असा निष्कर्ष काढला असेल. दीड मीटरवर जे बरोबर, ते पंधरा मीटरवर हाडं मोडणारं आहे.

वाऱ्याबद्दल अर्धा गुण देतो, नाइलाजाने. जमिनीलगत वारा मंदावतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यात खाली उतरताना शेवटच्या काही मीटरमध्ये तो अचानक कमी झाला, तर पंखावरची हवाही तेवढ्याने कमी होते आणि ग्लायडर बसका होतो. हा धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय काय? आधीच दांडी ओढून जास्तीचा वेग घेऊन खाली येणं. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलट.

आता पाचवा मुद्दा, कारण तो याच धाग्यात आहे. त्या काळात माणसं मेली का? मेली. बरीच मेली, त्यात चांगले चांगले पायलट गेले. त्याचं कारण समजून घ्यायला हवं. सुरुवातीच्या मंडळींची एक म्हण होती: जेवढ्या उंचीवरून पडायची तयारी आहे, तेवढंच उंच उडा. कॅलिफोर्नियातल्या डॉकवायलर किनाऱ्यावरचे वाळूचे चढ हे त्यांचं मैदान. बांबूचा सांगाडा, त्यावर प्लास्टिकचा कागद, खाली वाळू. पंख मोडायचे, माणूस धूळ झटकून उठायचा. मग अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि डेक्रॉन या पॉलिस्टर कापडाचं शीड आलं, पंख बरे उडू लागले, आणि लोक वाळू सोडून डोंगरांवर गेले. वाळूवर जो दोष लक्षातच आला नव्हता, तो तिथे जीव घेऊ लागला.

साध्या रोगॅलो पंखाचं शीड सैल, फुग्यासारखं फुगणारं. नाक फार खाली गेलं की कापडात हवाच भरत नाही, ते झेंड्यासारखं फडफडू लागतं. फडफडणारं शीड उचल देत नाही आणि नाकही वर आणत नाही. डोंगरावरून सुटलेला पंख अशा बुडीत अडकला की बाहेर येणं कठीण, दांडी कशीही धरा. म्हणजे त्या पिढीला दोन्ही बाजूंनी कडा होता, फार ढकललं तर स्टॉल, फार ओढलं तर बुडी.

हे दडवलं? उलट अमेरिकेतल्या हँग ग्लायडिंग संघटनेच्या मासिकात अपघातांचे अहवाल छापले जात होते. काय घडलं, कोणता पंख, पायलटने काय केलं, काय चुकलं. ते अहवाल तयार करण्याचं काम आर. व्ही. विल्स नावाचा माणूस करायचा. त्याची मुलं स्वतः उडत होती. त्यातला बॉब विल्स म्हणजे त्या काळचा सर्वांत नावाजलेला पायलट, ज्याच्या घराण्याचं नाव आजही एका पंख बनवणाऱ्या कंपनीला आहे. १९७७ मध्ये जाहिरातीच्या चित्रीकरणात हेलिकॉप्टरच्या झोतात सापडून बॉब गेला. ज्या घरातून हे अहवाल निघत होते, ते घर लपवाछपवी करत होतं असं म्हणणाऱ्याने आधी त्यातलं एक पान वाचावं. मेलेल्या मित्राची चूक छापील अक्षरांत मांडायला काय लागतं, ते फॉरवर्ड ढकलणाऱ्याला कळायचं नाही.

त्यातूनच दुरुस्त्या झाल्या. शिडात पट्ट्या घालून आकार पक्का केला. मागच्या कडेला वरच्या खांबापासून दोऱ्या बांधल्या, म्हणजे नाक कितीही खाली गेलं तरी मागची कड वर उचललेली राहते आणि नाक आपोआप वर येतं. उत्पादकांनी स्वतःच चाचण्या ठरवल्या. पंख गाडीवर बांधून वेगवेगळ्या वेगांना पळवायचा आणि तो नाक वर आणायला किती जोर लावतो ते मोजायचं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हाताने फेकायचं आपत्कालीन पॅराशूट आलं. यातलं कुठल्याही सरकारने सुचवलेलं नाही. अमेरिकेच्या विमान प्रशासनाचा अतिहलक्या विमानांसाठीचा नियम आला तोच १९८२ मध्ये, आणि तोही जेमतेम काही पानांचा.

नासाकडे वळू. इथे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पसरतं. फ्रान्सिस रोगॅलो सरकारी विमानसंशोधन केंद्रात काम करायचा, हे खरं. पण त्याच्या लवचिक पंखात त्याच्या वरिष्ठांना रस नव्हता. १९४८ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने, गर्ट्रूडने, तो घरी बनवला. पहिला पंख तिने स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडातून शिवला. १९५१ मध्ये दोघांच्या नावे पेटंट मिळालं, आणि त्या पेटंटमध्ये त्याचं नाव काय? ‘लवचिक पतंग’. (पतंग म्हणणाऱ्याला हा एक गुण. बिचाऱ्याला माहीत नसेल.) त्यावेळी नासा जन्माला यायची होती, ती १९५८ ची. पुढे अंतराळशर्यतीत नासाला हा पंख आठवला. जेमिनी यान समुद्रात पाडण्याऐवजी पंखाने जमिनीवर उतरवायचा विचार झाला, पॅरेसेव्ह नावाचं चाकांचं प्रायोगिक यान उडवलं गेलं, नील आर्मस्ट्राँगनेही ते चालवलं. १९६४ मध्ये तो बेत गुंडाळला आणि जेमिनी पॅराशूटनेच उतरलं. लोकांच्या गळ्यात मारायला नासाकडे माल उरलाच नव्हता. पेटंटचे हक्क रोगॅलो दांपत्याने सरकारला फुकट दिले होते, आणि म्हणूनच पुढे कोणीही गॅरेजात पंख बनवू शकला.

लोकांपर्यंत तो पोचला कसा? ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन नावाचं गाव आहे, क्लॅरेन्स नदीकाठी. तिथल्या वॉटर स्की क्लबला जकरांदा उत्सवात दाखवायला पतंग हवा होता. जॉन डिकन्सनने रोगॅलोच्या पंखाचा फोटो एका मासिकात पाहिला होता. १९६३ मध्ये त्याने लाकूड, अ‍ॅल्युमिनियम आणि केळीच्या बागेत वापरतात ते प्लास्टिक घेऊन पंख केला, त्याला त्रिकोणी चौकट लावली आणि खाली माणूस टांगला. नासाचा हातभार किती म्हणाल, तर एक फोटो. पहिला कोण, यावरून आजही जुनी मंडळी भांडतात. कॅलिफोर्नियात बॅरी पामर १९६१ मध्येच रोगॅलो पंखाखाली पळत उडाला होता, आणि त्रिकोणी चौकटही त्याआधी कोणी ना कोणी वापरली होती. भांडू देत. पण बिल मॉयेस आणि बिल बेनेट या दोघांनी जगभर जो पंख नेला तो डिकन्सनचा. बेनेट १९६९ मध्ये अमेरिकेत आला, आणि जागतिक हवाई क्रीडा महासंघाने पुढे डिकन्सनला त्याबद्दल गौरवलंही.

रिकामटेकड्यांचा मुद्दा मला मनातून आवडतो. केस वाढवलेले, अनवाणी, बांबू खांद्यावर घेतलेले. फोटोत तसेच दिसतात, नाकारून काय उपयोग. २३ मे १९७१ ला, लिलिएंथालच्या वाढदिवशी, कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचजवळच्या टेकडीवर ही मंडळी आपापले घरगुती पंख घेऊन जमली. त्यातल्या बऱ्याच पंखांनी जमीन जेमतेम सोडली असेल. पण त्याच वर्तुळातला, शाळकरी वयाचा टारास किसेनिउक स्वतः डिझाइन केलेले ताठ पंख उडवत होता. आणि पॉल मॅक्क्रेडी नावाच्या वैमानिकी अभियंत्याने याच पंखांकडे बघून विचार केला, की एवढाच हलका पण खूप मोठा पंख बनवला तर माणूस पायडल मारून उडेल का? २३ ऑगस्ट १९७७ ला त्याच्या गॉसमर कॉन्डॉरने इंग्रजी आठचा आकडा काढून माणसाच्या ताकदीवरच्या उड्डाणासाठीचं क्रेमर पारितोषिक मिळवलं. १९५९ पासून ते कोणालाच मिळालं नव्हतं. पायडल मारणारा ब्रायन ॲलन सायकलपटू होता, आणि हँग ग्लायडर उडवणारा. विज्ञानाशी संबंध नाही म्हणे.

राहिला लिलिएंथाल. १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्याचा पंख स्टॉल झाला, तो पडला, दुसऱ्या दिवशी गेला. त्याआधी सुमारे दोन हजार उड्डाणं झाली होती. बंदी कसली? राइट बंधू त्याच्याच कामावरून प्रेरणा घेऊन ग्लायडर उडवू लागले, पुढे इंजिन बसलं आणि लोकांचं लक्ष तिकडे गेलं, एवढंच. जर्मनीत तर पहिल्या महायुद्धानंतर इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले म्हणून तरुण बिनइंजिनाच्या ग्लायडरकडे वळले. बंदीची गोष्ट शेपटीकडून धरलीय. आणि लिलिएंथालच्या शेवटच्या उड्डाणाबद्दल एवढं तरी वाचा: नाक वर गेलं, वेग संपला, आणि त्याने पाय पुढे फेकून नाक खाली आणायचा प्रयत्न केला. तो काखांवर तोललेला होता, कंबरेखालचंच शरीर हलवता यायचं, म्हणून ते पुरलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मरणाऱ्या माणसालाही माहीत होतं की वजन पुढे न्यायचं असतं.

हे सगळं काल ताईला पाठवलं. दोन तास निळ्या खुणा नुसत्या दिसत होत्या. मग उत्तर आलं: “म्हणजे दांडी ओढायची ना?”

हो ताई, ओढायची. थोडीच. पाय जमिनीला लागायच्या बेतात येईपर्यंत.