फवारणी पंपाची बॅटरी आणि अण्णांचा टेबल लॅम्प

आपल्या मराठवाड्यात ज्यांच्या शेतात कापूस, सोयाबीन किंवा तूर आहे, त्यांच्यापैकी अनेकांकडे आता बॅटरीवर चालणारा फवारणी पंप असतो आणि तुरीची शेवटची फवारणी आटोपली की तो धुऊन माळ्यावर टाकला जातो. त्या पंपाच्या तळाशी १२ व्होल्टची, बहुधा ८ अँपिअर-अवरची शिशाची बंद बॅटरी असते. पुढच्या खरिपापर्यंत तिला कोणी हात लावत नाही, ती आपोआप उतरत जाते, आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि जुलैत पंप खाली काढल्यावर ती चार्जच होत नाही. याच घरांत डीपी, म्हणजे गावाचा वीज ट्रान्सफॉर्मर, जळाली की दहावीची मुले मोबाइलच्या टॉर्चवर अभ्यास करतात. घरात पडून असलेला वायरचा टेबल लॅम्प या बॅटरीवर चालेल असा करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याने मुलांना पानावर पडणारा स्थिर उजेड मिळतो आणि बॅटरीही वापरात राहून टिकते.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या घरी अण्णांचा हिरव्या पत्र्याचा, मान वाकवता येणारा टेबल लॅम्प आहे. त्यात पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब होता आणि त्याच्या उजेडात अण्णांनी वर्षानुवर्षे सोसायटीचे हिशेब लिहिले. परळीचे औष्णिक वीज केंद्र आमच्यापासून तासाभराच्या आतच्या अंतरावर आहे, २०१३च्या दुष्काळात ते पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, आणि भारनियमनाचे ते दिवस आठवले की हा लॅम्प कोपऱ्यात झाकून ठेवलेलाच डोळ्यांसमोर येतो. तीन वर्षांपूर्वी मी त्याला १२ व्होल्टचा, ५ वॅटचा डीसी एलईडी बल्ब बसवला. सोलरचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत हा बल्ब नेहमीच्या दोन पिनांच्या टोपीचाच मिळतो, त्यामुळे होल्डर, वायर आणि वायरवरचे बटण यांपैकी काहीही बदलावे लागले नाही. ८ अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे ९६ वॅट-अवर. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये म्हणून त्यातले ४८ धरले, तरी ५ वॅटचा बल्ब नऊ तास जळतो. रोज संध्याकाळी दोन तास आईची पोथी आणि भाच्याचा अभ्यास धरला, तर डीपी बदलून येईपर्यंतच्या चार संध्याकाळी निघतात. जुना ६० वॅटचा बल्ब याच बॅटरीवर, तोही इन्व्हर्टर लावून, पाऊण तासही चालला नसता.

‘सरळ छोटा इन्व्हर्टर का नाही घेतला?’ असे मला अनेकांनी विचारले. घरभर पंखे आणि दिवे चालवायचे असतील तर इन्व्हर्टर घ्यावाच, पण एका दिव्यासाठी तो तोट्याचा आहे. बॅटरीतली १२ व्होल्टची डीसी वीज तो २३० व्होल्टची एसी करतो आणि बल्बच्या आतले सर्किट तिची पुन्हा डीसी करते, कारण एलईडी चालते ती डीसीवरच. या दोन्ही वेळच्या बदलांत वीज वाया जाते. शिवाय काही लहान इन्व्हर्टर नुसते चालू ठेवले तरी एका बल्बाइतकी वीज स्वतःच खातात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे मुख्यतः लिहिते आहे, तिच्याकडे येते. पहिल्या वर्षी मी लॅम्पच्या वायरचा जुना पिन टॉप तसाच ठेवला होता आणि बॅटरीकडून येणाऱ्या वायरला एक सॉकेट जोडले होते, कारण त्यात काही कापावे लागत नव्हते. एका संध्याकाळी लाईट आली आणि भाच्याने, त्याला वाटले तसे अगदी सरळपणे, लॅम्पची पिन भिंतीवरच्या बोर्डात घातली. फटकन आवाज झाला, बल्बचे वरचे आवरण उडून वहीवर पडले आणि खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास भरला. मुलाला काही झाले नाही, पण चूक त्याची नव्हती, पूर्णपणे माझी होती. भिंतीच्या बोर्डात बसणारी पिन १२ व्होल्टच्या दिव्याला ठेवणे हीच मुळात धोक्याची गोष्ट आहे. म्हणून पिन टॉप कापूनच टाकावा आणि त्या जागी दुसऱ्याच प्रकारचा, बोर्डात कोणत्याही परिस्थितीत न जाणारा डीसी जोड लावावा. बल्बची टोपी मात्र घरातल्या इतर होल्डरांत बसतेच, त्यामुळे आमच्याकडच्या बल्बवर आईने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे आणि लाल ठिपक्याचा बल्ब लॅम्पबाहेर लावायचा नाही, हे आता घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

दुसरी गोष्ट फ्यूजची. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी आहे असे आपण मानतो, आणि ते चूक आहे. दिवा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, पण वायरची दोन टोके एकमेकांना चिकटली तर हीच बॅटरी क्षणात कितीतरी अँपिअर ओतते आणि वायरचे आवरण वितळू लागते. म्हणून बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत १ अँपिअरचा काचेचा फ्यूज हवाच, लॅम्पजवळ लावलेल्या फ्यूजचा मधल्या वायरसाठी उपयोग नाही. प्लस-मायनस उलटे जोडले तर काही बल्ब लागत नाहीत, तेव्हा प्लसच्या वायरला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळावी.

बाजारात चार्जिंगचे दिवे आणि चार्जिंगचे बल्ब स्वस्तात मिळतात, हे मला मान्य आहे. आमच्या घरी असे दोन दिवे येऊन गेले. दुसरा दीड वर्षात फुगला, उघडून पाहिला तर आतला सेल सर्किटला डाग देऊन पक्का केलेला होता, आणि दुकानदाराने ‘नवीनच घ्या’ एवढेच सांगितले. अण्णांच्या लॅम्पची बॅटरी संपली की मी तालुक्याच्या गावाहून तशीच दुसरी आणते, थिंबल (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) काढते आणि लावते.

बॅटरी लॅम्पला जोडण्याआधी सोडा घातलेल्या ओल्या फडक्याने, हातमोजे घालून, नीट पुसावी, कारण पंपाच्या तळाशी औषध गळून तिच्यावर वाळलेले असते, आणि ती स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये. चार्जिंगला पंपाचाच चार्जर वापरावा आणि चार्जिंग चालू असताना दिवा लावू नये, कारण तेव्हा व्होल्टेज साडेचौदापर्यंत चढते आणि प्रत्येक बल्ब ते सोसतोच असे नाही. दिवा जळत असताना व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा १२च्या खाली गेला की बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावावी. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तिला पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, उन्हाच्या तापाने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ज्यांच्या पंपात लिथियमची बॅटरी आहे, त्यांनी ती खोलू नये आणि तिला शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नये. यंदा तुरीची शेवटची फवारणी झाली की पंप माळ्यावर टाकण्याआधी खालचे चार स्क्रू काढा आणि बॅटरी घरात आणा.