गिब्सन आणि कॉब: मोजपट्टी एकच हवी

मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, निग्रो लीग्जची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतली. मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, तेव्हा ते ज्या वेगळ्या लीगमध्ये खेळत, त्या या निग्रो लीग्ज. त्यामुळे कारकिर्दीतल्या सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा (फलंदाजीच्या मोजलेल्या संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका बसला, त्या प्रमाणाचा) मान मेजर लीगच्या टाय कॉबकडून (.३६७) निग्रो लीग्जच्या जॉश गिब्सनकडे (.३७२) गेला. तेव्हापासून एक दावा जिथे तिथे वाचायला मिळतो: हा विक्रम मैदानावर झालेलाच नाही, अपराधी भावनेपोटी तो कागदावर करून दिलाय. जोडीला चार कारणं असतात. हौशी संघांविरुद्धचे सामने धरले, पिचर (चेंडू फेकणारे) दुबळे होते, सामने मोजकेच होते आणि नोंदी अर्धवट आहेत. बेसबॉल आवडीने पाहणाऱ्या मराठी मंडळींकडूनही मी हे ऐकलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. कारण यातली दोनच कारणं विचार करण्याजोगी आहेत.

हौशी संघांचा मुद्दा लगेच निकालात निघतो. गिब्सनने ‘जवळजवळ ८००’ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारल्याचं बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनातल्या, त्याच्या फलकावर लिहिलंय. गावोगाव फिरून खेळलेले सामने धरून ती संख्या होते. अधिकृत नोंदीत मात्र त्याच्या नावावर २०० सुद्धा होमरन नाहीत, कारण तिथे फक्त १९२० ते १९४८ मधल्या मान्यताप्राप्त लीगचे सामने मोजले आहेत.

आता पिचर दुबळे होते का? हे तपासायची संधी इतिहासानेच दिली. १९४७ मध्ये कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला आणि वर्णभेदाची भिंत फुटली. त्यानंतर १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षं नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) सर्वोत्तम नवोदित खेळाडू निग्रो लीग्जमधूनच आलेला होता: डॉन न्यूकम, सॅम जेथ्रो, विली मेज, जो ब्लॅक, जिम गिलियम. न्यूकम आणि ब्लॅक तर पिचरच. रॉय कॅम्पनेला तीनदा लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. गिब्सन ज्याच्यासमोर बॅट घेऊन उभा राहिला तो पिचर सॅचेल पेज १९४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, क्लीव्हलँडकडून खेळला. सहा सामने जिंकले, एक हरला, आणि त्या वर्षी क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. दुबळ्या लीगमधून अशी माणसं एकामागून एक येत नाहीत. शिवाय गिब्सन कॅचर होता. सामनाभर उकिडवं बसून चेंडू झेलायचे, गुडघे आणि बोटं झिजवायची, आणि त्यावर ही फलंदाजी. मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

आणि हा आक्षेप कॉबलाही लागू होतो. स्मोकी जो विल्यम्स आणि बुलेट रोगन हे त्याच्याच काळातले थोर कृष्णवर्णीय पिचर, पण लीगच्या सामन्यात कॉबला त्यांच्यासमोर कधी उभं राहावं लागलं नाही. मेजर लीगचा महान फलंदाज बेब रूथ याचंही तेच. वर्णभेदाच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना खेळ अपुराच होता. तरी अपुरेपणाची आठवण फक्त गिब्सनच्या वेळी काढली जाते.

सामने कमी, हा आक्षेप खरा आहे. कॉब २४ हंगाम खेळला आणि ११ हजारांहून अधिक वेळा त्याची फलंदाजी मोजली गेली; गिब्सनची दोन हजारांहून थोडी अधिक. एवढ्यावरून गिब्सन कॉबपेक्षा श्रेष्ठ होता असं मी म्हणणार नाही. पण वर्षाला साठ-सत्तर सामन्यांचा हंगाम त्याने निवडला नव्हता. उरलेले दिवस बसने गावोगाव हिंडून पोट भरावं लागे, कारण मेजर लीगचं दार बंद होतं. आणि २०२० मध्ये कोविडमुळे हंगाम ६० सामन्यांवर आला, तेव्हा फलंदाज डीजे लेमेह्यूची .३६४ ही सरासरी अमेरिकन लीगचा अव्वल क्रमांक म्हणून नोंदवली गेलीच ना? ती कुणी खोटी म्हणत नाही.

नोंदी अर्धवट आहेत, हेही बरोबर. संशोधकांनी वर्षानुवर्षं ‘शिकागो डिफेन्डर’, ‘पिट्सबर्ग कूरियर’ अशी कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं चाळून धावफलक जमवले, तरी काही सामने हाती लागलेले नाहीत. मात्र कॉबच्या नोंदी निर्दोष आहेत या समजाला आधार नाही. १९१० मध्ये त्याचा एक सामना दोनदा मोजला गेला. ती चूक काढली तर त्या वर्षीचं फलंदाजीतलं अव्वल स्थान त्याचा प्रतिस्पर्धी नॅप लाजवे याच्याकडे जातं. १९८१ मध्ये हे उघडकीला आलं, तरी मेजर लीगचे तेव्हाचे आयुक्त (सर्वोच्च अधिकारी) बोवी क्यून यांनी निकाल बदलायला नकार दिला. म्हणूनच अधिकृत पानावर कॉबची सरासरी .३६७ आहे आणि स्वतंत्र आकडेतज्ज्ञ .३६६ धरतात.

शेवटचा प्रश्न अपराधी भावनेचा. कोणत्या लीगला ‘मेजर’ म्हणायचं हे १९६९ मध्ये पाच जणांच्या समितीने ठरवलं. पाचही गोरे, निग्रो लीग्जचा विचारच झाला नाही. त्याच समितीने १८८४ ची युनियन असोसिएशन मात्र मेजर मानली. ती एकच हंगाम टिकली, अनेक संघ मध्येच बुडाले, आणि सेंट लुईसने ९४ सामने जिंकून फक्त १९ गमावले, इतकी ती एकतर्फी होती. त्या संघाच्या फ्रेड डनलॅपची .४१२ ही सरासरी आजही अधिकृत यादीत आहे. गिब्सनचा आकडा खोडायचा असेल, तर आधी हा खोडावा लागेल.