रजा काढायची तर तिसऱ्या दिवशी काढा

‘केमोचा दिवस सर्वांत अवघड, त्या दिवशी मुलांनी रजा काढून यावं’ असं केमोथेरपी घेणाऱ्यांच्या काळजीविषयीच्या लेखात म्हटलंय. आमचा अनुभव वेगळा आहे. यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, वय ७२, माझं ६८. केमोच्या दिवशी स्टिरॉइड दिलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी हे स्वतःहून वरणभात मागून खातात. मुलगा ते बघतो आणि निर्धास्त होऊन परत जातो. तिसऱ्या दिवशी मात्र अंथरुणातून उठवत नाही, पाण्याचाही घोट नकोसा होतो. तेव्हा घरात आम्ही दोघंच. रजा तेव्हाची हवी हो!

आणि केमोमधलं ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर गार वस्तू सोसत नाही, हे लेखात यायलाच हवं होतं. पहिल्या खेपेला यांनी सवयीने फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली, बोटांत करंट लागावा तशी कळ गेली आणि पिशवी हातातून सुटली. तेव्हापासून फ्रिज मीच उघडते. स्टीलचा पेलासुद्धा कोमट पाण्याने विसळून मगच यांच्या हातात देते. केमोत तापाकडेही लक्ष हवं, म्हणून थर्मामीटर देवघराच्या फळीवर, कायम डोळ्यांसमोर. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टरांना फोन करून हॉस्पिटल गाठा. आम्ही एकदा वाट बघितली आणि यांना पाच दिवस अ‍ॅडमिट राहावं लागलं.