टर्नवर रेज आली की पत्ते टाका? लिमिटमध्ये हा सल्ला खिसा कापतो

लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे ठरलेल्या आकड्याचीच बेट लावायच्या पोकरमध्ये, समोरचा अंगावर आला तर काय करायचं, याचे पाच नियम सांगणारी एक मराठी ऑडिओ क्लिप सध्या इथल्या ग्रुपांवर फिरते आहे. टर्नवर (चौथ्या उघड्या पत्त्यावर) रेज आली, म्हणजे समोरच्याने बेट वाढवली, की एक जोडी सरळ टाकून द्या. लिमिटमध्ये ब्लफ चालत नाही, म्हणून कोणी करतही नाही. कॉल करणं, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे भरणं, हे कच्च्या खेळाडूचं लक्षण, एक तर रेज करा नाही तर फोल्ड, म्हणजे पत्ते टाका. बिग ब्लाइंडचे, म्हणजे पत्ते बघण्याआधीच भरायच्या सक्तीच्या बेटचे, पैसे गेलेच समजा. आणि सारखा रेज करणारा कोणी भेटला तर दर वेळी रि-रेज करून त्याला धडा शिकवा. सॅन होजेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने ही क्लिप मनावर घेतली आणि ४-८ डॉलरच्या (आधी ४ ची बेट, टर्नपासून ८ ची) टेबलावर तसाच खेळायला लागला, म्हणून हे लिहायला बसलोय. पैसे लावून पत्ते खेळावेत की नाही हा वाद वेगळा. खेळणाऱ्याला निदान खोटा हिशेब तरी शिकवू नका.

सगळ्यांत घातक आहे तो पहिला नियम. भाच्याचाच एक डाव सांगतो. हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटचा गुलाम. बटनवरून (डीलरच्या जागेवरून) त्याने रेज केली, स्मॉल ब्लाइंडवाला (छोटी सक्तीची बेट भरणारा) गळाला, बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, १८ डॉलर. फ्लॉप (पहिले तीन उघडे पत्ते) आला बदामचा गुलाम, बदामची अठ्ठी, किलवरची तिर्री. भाच्याने ४ लावले, समोरच्याने कॉल केला, पॉट २६. टर्नला इस्पिकची पंजी. भाच्याने ८ लावले, समोरच्याने १६ केले. भाच्याला नियम आठवला आणि त्याने पत्ते टाकले. समोरच्याने आपले पत्ते उघडे केले: बदामची दश्शी आणि नव्वी. नुसता ड्रॉ, म्हणजे हवा तो पत्ता आला तरच बनणारा हात. न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी त्याला १५ चालत होते: एका जातीचे पाच, म्हणजे फ्लश, करायला नऊ बदाम आणि सलग पाच करायला उरलेल्या तीन राण्या, तीन सत्त्या. म्हणजे तीनांतून जवळपास दोनदा भाचाच जिंकणार होता, आणि ५० डॉलरचा पॉट त्याने ८ डॉलर वाचवायला सोडून दिला.

समोर ड्रॉ आहे हे त्याला दिसत नव्हतं, कबूल. मग जे दिसत होतं त्याचाच हिशेब करू. टर्नची रेज कॉल करायला ८, रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या उघड्या पत्त्यावर) पुन्हा बेट आली तर आणखी ८. एकूण १६ घालायचे आणि जिंकलं तर पॉटचे ५० आणि समोरच्याचे रिव्हरचे ८, असे ५८ मिळवायचे. त्यासाठी १०० पैकी २२ वेळा जिंकलं तरी पैसे वसूल होतात. आता अशा बोर्डवर (टेबलावरच्या उघड्या पत्त्यांवर) कोण कोण रेज करेल ते बघा. दोन जोड्या किंवा तीन सारखे घेऊन बसलेला करेल, हो. पण राजा-गुलाम, राणी-गुलामवालाही करेल, दश्शी-नव्वीवाला करेल, सत्ती-छक्कीवाला करेल, बदामाचा फ्लश शोधणारा तर करेलच. हे सगळे मिळून २२ टक्के भरत नाहीत असं म्हणणाऱ्याने एकदा कागदावर जोड्या मांडाव्यात.

हा नियम आलाय नो-लिमिटमधून, जिथे कितीही पैसे लावता येतात. तिथे टर्नवर रेज आली की रिव्हरला अख्खा स्टॅक (आपल्यासमोरचे सगळे पैसे) पणाला लागायची भीती असते, त्यामुळे एक जोडी टाकणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. लिमिटमध्ये बेटचा आकडा ठरलेला असतो आणि तोवर पॉट फुगलेला असतो. चुकून कॉल केलात तर एक-दोन बेट जातात. चुकून फोल्ड केलंत तर सगळा पॉट जातो.

ब्लफबद्दलचा दुसरा नियम याच गणितावर आपटतो. वरच्याच डावात कॉल होऊन रिव्हर आली तर पॉट ५८. समोरचा ८ लावून ब्लफ करतो. ६६ ला ८, म्हणजे साधारण १२ टक्के वेळा तुम्ही पळालात तरी त्याचं भागतं. लिमिटमध्ये ब्लफ क्वचितच चालतो हे खरं आहे, पण क्वचित चालला तरी तो परवडतो, म्हणूनच लोक करतात. आणि दर वेळी एक जोडी टाकणारा माणूस समोर असेल, तर त्याच्याविरुद्ध कोणतेही दोन पत्ते घेऊन ब्लफ करावा.

कॉल म्हणजे कच्चेपणा म्हणणाऱ्यांनी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचं काम बघावं. मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की दोघांमधला लिमिट होल्डेम जवळपास पूर्ण सुटला आहे. त्यांचा ‘सीफियस’ हा प्रोग्रॅम इतका बिनचूक खेळतो की माणूस आयुष्यभर त्याच्याशी खेळत राहिला तरी त्याला आपण पुढे आहोत असं खात्रीने म्हणता येणार नाही. हा सीफियस डीलर असताना फ्लॉपआधी समोरून रि-रेज आली, तर हातात एक्क्यांची जोडी असूनही कॅप, म्हणजे नियमात बसणारी शेवटची रेज, दहा हजारांत एकदासुद्धा करत नाही. कॉल करतो. त्या कॉलमुळे पुढच्या पत्त्यांवर समोरच्याला सीफियसच्या हातात काय आहे याचा अंदाज लागत नाही. यात कच्चं काय आहे?

बिग ब्लाइंडचंही उत्तर तिथेच आहे. डीलर नसताना, म्हणजे बिग ब्लाइंडवर असताना, सीफियस बहुतेक माणसांपेक्षा जास्त पत्ते खेळतो, टाकत नाही. तो अभ्यास दोघांच्या खेळाचा, नऊ जणांच्या टेबलाला तो जसाच्या तसा लावू नये. पण बटनवरून रेज आली, मधला स्मॉल ब्लाइंडवाला गळाला आणि तुम्ही एकटे उरलात, तर परिस्थिती बरीचशी तीच. १४ च्या पॉटसाठी ४ घालायचे असतात.

क्लिपमध्ये एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. छोट्या टेबलांवर काही माणसं संध्याकाळभर फक्त कॉल करत बसतात. असा माणूस अचानक टर्नवर रेज करतो तेव्हा त्याच्याकडे खरंच पत्ते असतात, आणि तिथे नुसती एक जोडी मीही टाकतो. तुमच्याआधीच एकाने बेट आणि दुसऱ्याने रेज केली असेल तरीही टाकावी. पण हा निर्णय समोरचं माणूस बघून घ्यायचा असतो, आणि क्लिपच्या त्या नियमात माणसाचं नावच नाही.

राहिला धडा शिकवण्याचा नियम. सारखा रेज करणाऱ्याला फ्लॉपआधी चांगल्या पत्त्यांवर रि-रेज जरूर करा, बाकीचे गळतात आणि तो एकटा तुमच्या वाट्याला येतो. पुढे रिव्हरवर मात्र एक जोडी घेऊन त्याच्या रेजवर पुन्हा रेज करू नका. ब्लफवाला तिथेच पत्ते टाकेल आणि तुमच्याहून मोठं असलेला तेवढा कॅप करेल. त्याला लावू द्या, तुम्ही कॉल करा.