सेल्फ लिहिलंय खरं, पण बँकेत जाणार कोण?

चेकवर नावाच्या जागी ‘सेल्फ’ लिहिलं की पैसे फक्त आपल्यालाच मिळणार, अशी ठाम समजूत असलेली माणसं आपल्या सांगलीत पैशाला पासरी सापडतील. शिकलेली, हिशोबाला चोख माणसं. माझी सगळी नोकरी कॅश काउंटरच्या आतल्या बाजूला गेली, त्यामुळं तिकडून हा चेक कसा दिसतो ते सांगतो.

नावाच्या ओळीच्या शेवटी ‘ऑर बेअरर’ किंवा ‘या धारक को’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते खोडलं नाही, तर चेक घेऊन समोर उभा राहील तो धारक. मग तो तुमचा मुलगा असो, ड्रायव्हर असो, नाहीतर एसटी स्टँडवर तुमचं पाकीट ज्याला सापडलं तो असो. कॅशियर सही ताडून बघतो, तारीख बघतो, मागं सही घेतो, रक्कम मोठी असली तर ओळखपत्र मागतो, फोनही लावतो. पण ही झाली बँकेची खबरदारी. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं ८५ वं कलम सांगतं की, बेअरर चेकचे पैसे बँकेनं रीतसर धारकाला दिले की बँक जबाबदारीतून सुटली. नंतर काउंटरवर येऊन ‘माझ्या नावाचा चेक दुसऱ्याला दिलाच कसा’ म्हणून भांडणारे पुष्कळ बघितलेत. त्यावर नाव नव्हतंच हो काका, सेल्फ होतं.

माझं मत असं आहे की स्वतः जाणार असाल तर बचत खात्याला सेल्फचा चेक सहसा लागतच नाही, आणि दुसऱ्याला धाडणार असाल तर सेल्फ लिहूच नये.

स्वतः जाताय ना? मग पासबुक घ्या, विड्रॉल स्लिप भरा. ती स्लिप रस्त्यात पडली तरी ज्याला सापडेल त्याच्या काही कामाची नाही, कारण सोबत पासबुक लागतं आणि खातेदार समोर लागतो. चेकबुक घेतलेल्या खात्याला काही बँका स्लिप देत नाहीत, आणि चालू खात्याला तर चेकच लागतो. अशा वेळी कोरा चेक घेऊन जा आणि बँकेत बसून भरा. घरून सही ठोकून निघायचं कारण काय?

आता मार्केट यार्डाचं. हळदीचा नाहीतर बेदाण्याचा हंगाम असला की हमालीचे पैसे रोख लागतात. शेठ सकाळी सेल्फच्या चेकवर सही करतात, दिवाणजी बँकेत जातात. पंचवीस वर्षांचे विश्वासू दिवाणजी, मान्य. पण त्यांच्याच भल्यासाठी म्हणतो, चेकवर त्यांचं नाव लिहा आणि ‘ऑर बेअरर’वर काट मारा. झाला ऑर्डर चेक. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मात्र मारू नका, म्हणजे काउंटरवर रोख मिळेल. ओळख पटवूनच पैसे मिळतील, थोडा वेळ जाईल, कॅशियर कुरकुरेलही (मीही कुरकुरायचो). पण उद्या रक्कम कुणी नेली असा प्रश्न आला तर उत्तर कागदावर असेल, आणि चेक वाटेत हरवला तरी दिवाणजींच्या जिवाला घोर नाही.

ही सेल्फची सवय लागली कशी, तर तेव्हा बँकच ओळखीची होती. १९१६ पासून इथं आपली सांगली बँक होती, साताऱ्यात १९३६ पासून युनायटेड वेस्टर्न. गणपती पेठेतला माणूस कुणाचा कोण, हे कॅशियरला पाठ. अनोळखी पोरानं कुणाचा सेल्फ आणला तर पितळी टोकन देण्याआधी ‘अण्णा कुठायत?’ अशी चौकशी व्हायची. ऑक्टोबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली आणि एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. आता काउंटरवरच्या पोरीची तीन वर्षांत बदली होते, ती तरी कुणाकुणाला ओळखणार? ओळख गेली, सवय तेवढी राहिली.

एका बँकेतून दुसऱ्या बँकेतल्या आपल्याच खात्यात पैसे न्यायलाही लोक सेल्फ लिहितात. रोख काढायची, पिशवीत घालायची, रस्ता ओलांडायचा, पुन्हा रांगेत उभं राहायचं, आणि रक्कम मोठी असेल तर पॅनही द्यायचं. अहो, स्वतःचं पूर्ण नाव लिहा, दुसऱ्या खात्यावर आहे तस्सं. डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मारून मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहा आणि तिकडं भरा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला, म्हणजे वटवायला, जातात, पूर्वीसारखं दोन दिवस ताटकळावं लागत नाही. मोबाईल वापरणारे म्हणतील चेक कशाला, एनईएफटी करा. जरूर करा. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी लिहितोय. आणि हो, चेक मराठीत लिहिला तरी चालतो, रिझर्व्ह बँकेनंच तशी मुभा दिलीय.

सगळ्यात वाईट प्रकार मिरजेच्या हॉस्पिटलच्या वाटेवर होतो. म्हातारा माणूस ऑपरेशनला ॲडमिट होणार, म्हणून घरचे चार-पाच कोऱ्या सेल्फ चेकवर सह्या घेऊन ठेवतात. चेकची मुदत तीन महिन्यांची, पण तारीखच घातली नसेल तर ती मोजणार कुठून? पुढं काही बरंवाईट झालं आणि बँकेला कळलं, की बँक त्या चेकचे पैसे देत नाही. मग तेराव्याच्या खर्चावरून भाऊ-भाऊ काउंटरवर हमरीतुमरीवर येतात. त्यापेक्षा वेळेत जोडीदाराचं किंवा मुलाचं नाव खात्याला लावा, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घ्या, म्हणजे दोघांपैकी कुणालाही, आणि एक गेला तर मागं राहिलेल्याला पैसे काढता येतात. सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी लागतो. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. शाखेत ‘आमच्याकडं तसलं काही नाही’ म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

हॉस्पिटलच्या बिलाचं म्हणाल, तर चेक थेट हॉस्पिटलच्या नावानं लिहा. दोन लाख आणि त्यावरची रक्कम रोख घ्यायला १ एप्रिल २०१७ पासून बंदी आहे, म्हणजे सेल्फनं काढून नेलेली नोटांची पिशवी तिथल्या खिडकीवरून परतच यायची.